लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांची माणसे

आमच्या आंबेगाव तालुक्यातील पुष्कळ तरुण हल्ली चाकण व भोसरी येथील कारखान्यांत कामास जातात. शिनोलीच्या पंचक्रोशीतही अशी घरे थोडी नाहीत. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही मुलांस सहज विचारले, की पुढे कोण काय होणार. कोणी डॉक्टर होणार होता, कोणी फौजदार, कोणी शिक्षक. कारखान्यात कामगार होणार असे एकानेही सांगितले नाही. ज्याचा थोरला भाऊ कारखान्यात आहे अशा एका मुलास आम्ही कारण विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, की भावाला तेथे कोणी नावाने ओळखत नाही. सहा-सात महिने झाले की त्याच्या जागी नवा माणूस घेतात. हे उत्तर बरेच दिवस आमच्या मनातून गेले नाही. या अंकासाठी चरित्र कोणाचे लिहावे हा प्रश्न त्या उत्तरानेच सोडविला.

आंबेगावचा माणूस पोटासाठी यंत्रांकडे जातो, ही गोष्ट आजची नव्हे. डिंभे धरणाच्या जलाशयास ज्यांचे नाव दिले आहे ते हुतात्मा बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. मुंबईस ते गिरणीत काम करीत. १२ डिसेंबर १९३० रोजी विलायती कापडाच्या मालमोटारीपुढे त्यांनी देह ठेवला, म्हणून त्यांचे नाव राहिले. परंतु घाटावरून व कोकणातून जे सहस्रावधी लोक गिरण्यांत गेले, त्यांची नावे हजेरीपटाखेरीज कोठे उरली? गिरणीच्या दारात रोज नवे हात उभे असत. मग जुन्या हातांस शिकविण्यात व सांभाळण्यात पैसा कोण घालणार! आठवड्यातून एक दिवसाची सुटीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांस सभा भरवून, अर्जविनंत्या करून, वर्षानुवर्षे झगडून १८९० साली मिळवावी लागली.

याच महाराष्ट्रात एका कारखानदाराने मात्र अगदी उलट्या बाजूने आरंभ केला. त्याच्या दारात कोणीच उभे नव्हते. त्याला माणसे घडवूनच घ्यावी लागली, आणि घडवता घडवता त्याला कळून चुकले की कारखान्यातील खरी मालमत्ता हीच आहे. तो गृहस्थ म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने विद्या करावी ही त्यांची इच्छा साहजिकच होती. पण मुलाचे चित्त पाठ्यपुस्तकात लागेना. त्यास दोनच गोष्टी आवडत, एक चित्रे काढणे व दुसरी यंत्रे पाहणे. वडिलांची नाराजी पत्करून व थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने १८८५ साली तो मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाला. दोन वर्षे बरी गेली. मग उमगले की या होतकरू चित्रकारास काही रंग ओळखताच येत नाहीत! डोळ्यांतच उणीव, तिला उपाय नव्हता. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचा एखादा विषय सुटलेला आहे त्यांनी येथे क्षणभर थांबावे. लक्ष्मणरावांनी रंगाची पेटी मिटली व जेथे रंग लागत नाही ती यंत्रांची रेखाचित्रे शिकण्यास घेतली. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत याच विषयाचे ते शिक्षक झाले, आणि तेथील यंत्रशाळेत फावल्या वेळी यंत्रे खोलून, जोडून, बिघडलेली दुरुस्त करून स्वतःच स्वतःचे विद्यार्थी झाले.

दरम्यान दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्या, रामूअण्णांनी त्या विकाव्या व गिऱ्हाइकास बसावयास शिकवावे, असा तो धंदा होता. नोकरीत बढतीची पाळी आली तेव्हा लक्ष्मणरावांस डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास निघून आले. आम्हांस वाटते, त्यांच्या पुढील आयुष्याची एक किल्ली येथे आहे. माणसाच्या अंगातील काम न पाहता भलत्याच गोष्टीवरून त्याची किंमत ठरविली गेली म्हणजे काय वाटते, हे ते स्वतः शिकून आले होते.

बेळगावास त्यांनी लहानशी यंत्रशाळा घातली. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले व १९०३ साली लोखंडी नांगर. आमच्या वाचकांपैकी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरचे. त्यांस निराळे सांगावयास नको, की लाकडी नांगर जमीन उकरतो, आणि लोखंडी नांगर ती उलथून टाकतो. हरळीसारखे तण खोल मुळ्यांसह वर येते व उन्हात मरते. तरीही त्या काळच्या शेतकऱ्यांस लोखंडाचा संशय आला. लोखंडाने जमिनीस विष चढते, अशी समजूत पडली. पहिले अगदी मोजके नांगर खपावयास दोन वर्षे लागली. शेतकऱ्याच्या शंकेस हसणे सोपे आहे; पण ज्याचे सारे वर्ष एका नांगरटीवर अवलंबून आहे त्याने घाई करू नये हेच शहाणपणाचे. लक्ष्मणरावांनी घाई केली नाही. ते नांगर करीत राहिले.

नांगरास गिऱ्हाईक लागू लागले तोच दुसरे संकट आले. शहराची नवी वस्ती वसवावयाची म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. जवळ भांडवल नाही, दुसरी जागा नाही. त्याच सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात देवीच्या मंदिरापुढील सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः कलावंत व गुणांचे पारखी. त्यांनी कुंडल रोड या आगगाडीच्या स्थानकालगतची बत्तीस एकर जमीन व दहा हजार रुपये बिनव्याजी देऊ केले. जमीन कसली, माळच तो! जिकडे तिकडे निवडुंग, त्यात सापांची वस्ती आणि पाण्याचा दुष्काळ. १० मार्च १९१० रोजी सुमारे पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह त्या माळावर उतरले. किर्लोस्करवाडीचा जन्मदिवस तो हाच.

आता धंद्याच्या दृष्टीने विचार करा. मुंबईच्या गिरणीवाल्यास एक माणूस गेला तर दुसरा दारात तयार. या माळावर एक माणूस गेला तर दुसरा येणार कोठून? जवळची गावे म्हणजे कुंडल, पलूस अशी शेतकऱ्यांची. तेथील माणसांनी कानस हातात धरलेली नव्हती, मग लेथ पाहिलेला कोठून असणार! तेव्हा लक्ष्मणरावांपुढे दोनच मार्ग होते. एक तर शिकलेले कारागीर दुप्पट पगार देऊन शहरातून आणावे, अथवा जो समोर आहे त्यासच शिकवावे. त्यांनी दुसरा धरला, आणि तो निरुपाय म्हणून नव्हे. ज्यांस इतर कोणी कामावर घेतले नसते त्यांस त्यांनी घेतले, यावरून हे उघड आहे.

त्यांच्या या माणसांची यादीच मोठी मौजेची आहे. शंभुअण्णा जांभेकर यांच्याकडे यंत्रांचा भार होता. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत. के. के. कुलकर्णी म्हणजे कोणतेही अडलेले काम सोडविणारा माणूस. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले; त्यांची कल्पकता ओळखून लक्ष्मणरावांनी त्यांस यंत्रांच्या कामात घातले व ते नामांकित यंत्रज्ञ झाले. (शाळा सोडण्याचे समर्थन आम्ही करीत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी कृपा करून लक्षात ठेवावे! प्रत्येक शाळा सोडणाऱ्यास लक्ष्मणराव भेटत नसतात.) गावाची आखणी व व्यवस्था थोरल्या रामूअण्णांकडे होती. आणि रात्रीचा पहारा कोणाकडे असावा? तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग या दोघांकडे. दरोड्यांबद्दल शिक्षा भोगून आलेली ही माणसे. साऱ्या मुलखाने ज्यांना दाराशी उभे केले नसते, त्यांच्या भरवशावर किर्लोस्करवाडी रात्री झोपत असे. तो भरवसा त्यांनी राखला. या वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली जात नसे, हेही येथे सांगितले पाहिजे. १९१० नंतरच्या त्या वर्षांत, एका ब्राह्मण घराण्याने वसविलेल्या गावी, ही लहान गोष्ट नव्हती.

कारखान्याबरोबरच राहावयाची घरे, शाळा व वाचनाची सोय अशा गोष्टी एकामागून एक उभ्या राहिल्या. जमशेदपूरच्या पाठोपाठ आपल्या देशात आखणी करून वसविलेली दुसरी औद्योगिक वसाहत म्हणून हिचा उल्लेख करतात. आता कोणी म्हणेल, नांगर करणाऱ्यास ही उठाठेव कशाला? याचे उत्तर समजावयास थोडा वेळ ओतशाळेत जाऊन उभे राहिले पाहिजे.

भट्टीत बीड वितळवून त्याचा लाल रस वाळूच्या साच्यात ओततात, तो निवाला की हवी ती वस्तू तयार होते, एवढे पुस्तकात असते. पण ती वाळू किती ओली असावी? ओल अधिक झाली तर रस पडताच वाफ कोंडते आणि ओतीव वस्तूत पोकळ्या राहतात. ओल कमी झाली तर साचाच ढासळतो. साचे करणारा मूठभर वाळू हातात दाबतो, मूठ उघडून तो गोळा मोडून पाहतो, आणि मोडलेल्या कडेवरून सांगतो, पाणी हवे की नको. हे ज्ञान त्याच्या तळहातात असते. ते मिळावयास वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत त्याच्या हातून जे साचे बिघडतात त्यांचा खर्च मालकाने सोसलेला असतो. असा माणूस आजारी पडला, कर्जात बुडाला, पोरांच्या शाळेसाठी गाव सोडून गेला, तर त्याच्याबरोबर ती सारी वर्षे निघून जातात. वरून दिसतो तो एका मजुराचा रिकामा खाडा. पोकळी असलेला फाळ पुढे कोठेतरी शेतात मोडतो, शेतकरी शिव्या देतो तो कारखान्यास, आणि हिशेबनीस बुचकळ्यात पडतो की गिऱ्हाईक का तुटले. म्हणजे कामगाराचे घर, त्याच्या मुलाची शाळा यांवर घातलेला पैसा हा धर्मादाय नव्हे. नांगराच्या किमतीतच तो बसलेला असतो. लक्ष्मणरावांनी हे कोठे ग्रंथ लिहून मांडले नाही. त्यांनी ते करून दाखविले.

याची परीक्षाही लवकरच झाली. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले व परदेशाहून येणारे लोखंड बंद पडले, कोळसाही दुर्मीळ झाला. कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांच्याकडून किल्ल्यांवरील जुन्या निकामी तोफा मिळाल्या, आणि त्या वितळवून किर्लोस्करवाडीने नांगर केले. ओळखीचे बीड नव्हे, रोजचा कोळसा नव्हे. अशा वेळी नुसते हुकूम ऐकणारे हात कामास येत नाहीत. समोरची वस्तू पाहून विचार करणारी माणसे लागतात. ती तेथे चार वर्षांत तयार झाली होती.

त्याच १९१४ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी मोटारीच्या कारखान्यात दिवसाचा तास आठ केले व रोज पाच डॉलरपर्यंत, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट, देण्याचे जाहीर केले. त्यांच्याकडे माणसे टिकतच नसत. आलेला शिकून तयार होण्याआधी निघून जाई. त्याच्याही पूर्वी, १८१६ साली, स्कॉटलंडात रॉबर्ट ओवेन यांनी न्यू लॅनार्क येथील गिरणीत कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. आपल्याकडे जमशेटजी टाटांनी नागपुरास १८७७ साली सुरू केलेल्या एम्प्रेस गिरणीत १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी उभारला व १८९५ साली अपघाताच्या भरपाईची सोय केली. तेव्हा लक्ष्मणराव या मार्गावर एकटे नव्हते. पण टाटा व फोर्ड यांच्यापाशी द्रव्य होते. लक्ष्मणरावांपाशी उसने दहा हजार रुपये आणि निवडुंग होता. आम्हांस त्यांचे विशेष कौतुक वाटते ते एवढ्यासाठी.

तथापि चरित्रलेखकाने डोळे मिटून आरती ओवाळू नये. ज्या गावी काम देणारा तोच घराचा मालक, शाळाही त्याचीच आणि दुकानाची जागाही त्याचीच, तेथे माणसास नाही म्हणण्याची सोय किती उरते? मालक लक्ष्मणरावांसारखा असला तर प्रश्नच उठत नाही. पण मालक बदलतो, त्याचा मुलगा निराळा निघतो, धंद्याचे दिवस पालटतात. म्हणून लोखंड्यांचा मार्गही हवाच होता. दयेवर मिळालेली गोष्ट कायद्यात बसली म्हणजे ती कामगाराची होते. आठवड्याची सुटी, अपघाताची भरपाई, भविष्यनिर्वाह निधी, आजारात औषधपाणी या गोष्टी आज कायद्यात आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तर कारखान्यात शिकविण्याचीही सोय लावली आहे. आमच्या पालकांनी मुलगा कारखान्यात धाडताना पगार किती एवढेच विचारू नये. तो तेथे काय शिकणार, कोणाच्या हाताखाली शिकणार, आणि शिकल्याचा दाखला मिळणार की नाही, हेही विचारावे. कायदा दार उघडून देतो. पण समोरच्या माणसाच्या अंगात काय दडले आहे ते पाहण्याची दृष्टी कायद्याने लावता येत नाही, आणि लक्ष्मणरावांचे सारे वैशिष्ट्य त्या दृष्टीत होते. रंग न ओळखणाऱ्या त्या डोळ्यांस माणसे मात्र अचूक ओळखता येत!

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९२० साली कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची वार्ता देण्यासाठी एक लहानसे पत्रक काढले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, हे आमच्या जुन्या वाचकांस माहीत आहेच. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परतले. नांगरांच्या जोडीस पाणी उपसण्याचे पंप, तेलावर चालणारी इंजिने, लेथ अशी यंत्रे होऊ लागली; हरिहर, बंगळूर व पुण्यानजीक खडकी येथे नवे कारखाने निघाले. पंप व इंजिन यांनी विहिरीवरील मोटेचे काय केले, ते घोडनदीच्या काठी राहणाऱ्यांस आम्ही सांगावे असे नाही.

१९४८ सालच्या प्रारंभी गांधीजींची हत्या झाली व पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. त्या वणव्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटविण्यात आला. अडतीस वर्षांपूर्वी ज्या माळावर निवडुंग काढून छपरे घातली, ती छपरे जळून खाली आली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ज्या मुलखातील माणसे हाताशी धरून त्यांनी हे उभे केले, त्याच मुलखात हे घडले, याचे दुःख त्यांस किती झाले असेल याची कल्पनाच करावी. खचून जाऊन कारखाना दुसरीकडे नेला असता तरी कोणी दोष दिला नसता. तसे झाले नाही. राख उपसली गेली, भट्ट्या पुन्हा बांधल्या गेल्या आणि किर्लोस्करवाडी त्याच जागी पुन्हा सुरू झाली. साचे करणारे व लेथ चालविणारे हात होते. त्यांस नव्याने शिकवावे लागले नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. पुण्याहून मिरजेकडे जाताना सांगली जिल्ह्यात लागणाऱ्या त्या लहान स्थानकाचे कुंडल रोड हे नाव केव्हाच गेले आहे. फलाटावरील पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.